घातांकाने घात करू नये म्हणून

शाळा सुरू झाल्या की आपल्या घरांतली संध्याकाळ बदलते. गणपतीची आरास, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमी हे सगळं चालू असतंच. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला कणीक मळली जात असते आणि दुसऱ्या बाजूला आठवीतल्या लेकीचं होमवर्क पसरलेलं असतं. ट्रॉयमधली आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं गेली काही वर्षं शनिवारी सकाळी मुलांना आळीपाळीनं एकेकाच्या घरी गणिताला बसवतो. ही काही शिकवणी नव्हे. फी नाही, परीक्षा नाही. पोहे आणि चहा यजमानांकडे, वह्या-पेन्सिली ज्याच्या त्याच्या. या बैठकीत एक विषय दर वर्षी हमखास मुलांची दांडी उडवतो. तो म्हणजे एक्स्पोनंट्स, म्हणजेच आपल्या मराठी पुस्तकांतले घातांक.

नावातच घात! विश्वासघात, अपघात आणि घातांक ही एकाच घरातली भावंडं वाटावीत. पण मंडळी, हा घात तो घात नव्हे. आपल्या जुन्या गणितात ‘घात’ म्हणजे गुणाकार. ‘हनन’ आणि ‘वध’ हे शब्दसुद्धा गुणाकारासाठीच वापरत. तेव्हा कोणाचा घात झाला असं ऐकलं, तर गणितात फक्त कोणी कोणाला तरी गुणलं एवढंच समजावं.

मिशिगनने २०१० साली जो अभ्यासक्रमाचा आराखडा स्वीकारला, त्यात साधे घातांक सहावीत आणि त्यांचे नियम आठवीत येतात. महाराष्ट्रात बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात ‘घातांक’ हा धडा आहेच. म्हणजे आपण तिथे शिकलो ते आणि मुलं इथे शिकतात ते एकच. अडचण गणिताची नाही. अडचण वेगळीच आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आपल्या लोकांत एक समज पक्का बसला आहे, की आपली मुलं गणितात हुशारच असतात. शाळेतल्या शिक्षकांचा तोच समज, शेजाऱ्यांचाही तोच. ज्या मुलाला गणित पटकन येतं त्याला या समजाचा फायदा होतो. ज्याला येत नाही त्याची मात्र पंचाईत होते. तो विचारायचंच बंद करतो. ‘इंडियन असून तुला हे येत नाही?’ असं कोणी म्हणेल या धास्तीनं तो नियम घोकतो. गुणाकार असला की बेरीज, घाताचा घात असला की गुणाकार, शून्य आलं की एक. चाचणीपुरतं हे टिकतं. दोन महिन्यांनी सगळे नियम डोक्यात एकमेकांत मिसळतात, आणि मग मूल म्हणतं, ‘आय ॲम जस्ट नॉट अ मॅथ पर्सन.’ तेराव्या वर्षी स्वतःविषयी काढलेलं हे अनुमान पुढे पुसायला फार कठीण. बऱ्याच शाळांत हायस्कूलमध्ये कोणता वर्ग मिळणार हे याच सुमारास ठरतं, हे वेगळंच.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की घातांकाचे नियम पाठ करायचेच नसतात. ते मोजायचे असतात. जो मोजेल त्याला ते आपोआप सापडतात. आणि मोजायला लागणारी सामग्री आपल्या मराठी घरात भरपूर पडून आहे.

बेरजेचे रस्ते आणि गुणाकाराचे जिने

आधी मूळ गोष्ट. २ + २ + २ + २ + २ असं पाच वेळा लिहायचा कंटाळा आला म्हणून माणसानं २ × ५ लिहिलं. तसंच २ × २ × २ × २ × २ असं लिहायचा कंटाळा आला म्हणून २ लिहून त्याच्या डोक्याशी उजवीकडे बारीक ५ काढला. खालचा २ हा पाया, वरचा ५ हा घातांक. वाचायचं ‘२ चा ५ वा घात’. उत्तर ३२. पाया सांगतो कोणाला गुणायचं, घातांक सांगतो तो किती वेळा मांडायचा. बस्स, व्याख्या इथे संपली. ही बारीक अंकाची पद्धत देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या पुस्तकापासून रूढ झाली.

मुलांची पहिली चूक इथेच होते. २ चा ३ रा घात ते ६ सांगतात, कारण तीन दुणे सहा तोंडात बसलेलं असतं. त्यासाठी आम्ही आपल्या गावचेच रस्ते वापरतो. मेपल म्हणजे १५ माइल, बिग बीव्हर म्हणजे १६, वॉटल्स १७, लाँग लेक १८, स्क्वेअर लेक १९. प्रत्येक रस्ता मागच्याहून एक मैल पुढे. ही बेरजेची चाल. आता कल्पना करा, की प्रत्येक पुढचा रस्ता डेट्रॉइटपासून मागच्याच्या दुप्पट अंतरावर आहे. पहिला २ मैलांवर, मग ४, ८, १६. पाचवा रस्ता ३२ मैलांवर गेला आणि दहावा १०२४ मैलांवर. दहाव्या रस्त्याला मिशिगन कधीच मागे पडलेलं असतं. मुलं हसतात, आणि बेरीज व घात यांतला फरक लक्षात राहतो.

आजोबांचा रुपया

खरी गंमत गेल्या उन्हाळ्यात झाली. एका घरी साताऱ्याकडचे आजोबा आले होते, वय ऐंशीच्या पुढे. मुलं ‘शून्यावा घात एक का?’ यावर अडून बसली होती. आजोबांनी पाकिटातून एक भोकाचा पैसा काढला. १९४३ ते ४७ या काळात असे मधे भोक असलेले तांब्याचे पैसे निघत. तो टेबलावर ठेवून त्यांनी कागदावर त्याच्या वर एकेक वर्तुळ काढलं आणि नावं लिहिली.

‘‘हा एक पैसा. दोन पैशांचा ढब्बू. दोन ढब्बूंचा आणा, म्हणजे चार पैसे. दोन आण्यांची चवली, आठ पैसे. दोन चवल्यांची पावली, सोळा पैसे. दोन पावल्यांची अधेली, बत्तीस. आणि दोन अधेल्यांचा रुपया, चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ ला शंभर नये पैसे आले आणि आमचा हा जिना मोडला बघ.’’

नात कागदाकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, ‘‘आजोबा, हे तर पॉवर्स ऑफ टू आहेत!’’

‘‘असतील बाई. आम्ही त्याला बाजार म्हणायचो.’’

सोळा आणे खरी गोष्ट. एका पैशापासून निघालं की ढब्बू पहिल्या पायरीवर, आणा दुसऱ्या, चवली तिसऱ्या, पावली चौथ्या, अधेली पाचव्या आणि रुपया सहाव्या पायरीवर. पायरीचा क्रमांक हाच घातांक. २ चा ६ वा घात ६४. मग पैसा कितव्या पायरीवर? तो जमिनीवर, म्हणजे शून्यावर. एकदाही दुप्पट केलेली नाही, तेव्हा जे होतं ते एकच आहे. म्हणून २ चा ० वा घात १. शून्य नव्हे. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं मुलांना वाटतं, पण इथे शून्य हा पायऱ्यांचा आकडा आहे, पैशांचा नव्हे. पाया ५ असो की १०, जिना चढायला सुरुवातच केली नसेल तर हातात एकच. फक्त पाया स्वतः शून्य नसावा, एवढी अट.

आता रुपयालाच जमीन समजा. एक पायरी उतरलं की अधेली, अर्धा रुपया. दोन पायऱ्या उतरलं की पावली, पाव रुपया. चार उतरलं की आणा, रुपयाचा सोळावा भाग. हे झाले ऋण घातांक. २ चा उणे २ वा घात म्हणजे पाव, २ चा उणे ४ था घात म्हणजे एक सोळांश. मिशिगनमधल्या बहुतेक घरांना बेसमेंट असतं, त्यामुळे उणे मजला म्हणजे काय हे आपल्या मुलांना नव्यानं सांगावं लागत नाही. मात्र एक बजावावं: बेसमेंटमध्ये गेलेला माणूस उणे होत नाही. तसंच ऋण घातांकानं संख्या उणे होत नाही, लहान होते. २ चा उणे ३ रा घात म्हणजे उणे ८ नव्हे. तो एक अष्टमांश, म्हणजे रुपयातली चवली.

नियम दोनच, बाकी त्यांची पिलावळ

जिना समजला की नियम हातात येतात. आण्यापासून तीन पायऱ्या चढलो तर कुठे पोचलो? दोन अधिक तीन, पाचव्या पायरीवर, अधेलीवर. म्हणजे २ चा २ रा घात गुणिले २ चा ३ रा घात बरोबर २ चा ५ वा घात. ताळा पाहा: ४ × ८ = ३२. पाया एकच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज. उलट उतरलो तर वजाबाकी. अधेलीपासून चार पायऱ्या उतरलं की ढब्बू: ३२ ÷ १६ = २, आणि घातांक ५ वजा ४ बरोबर १. भागाकाराचा नियम हा वेगळा नियमच नव्हे, तोच जिना उलट दिशेनं.

दुसरा नियम घाताच्या घाताचा. याच्यासाठी आपल्याकडे फार सुंदर उदाहरण आहे. मनाचे श्लोक आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात. ओळीत १२ अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे चार गण. प्रत्येक अक्षर लघू तरी असतं किंवा गुरू तरी, म्हणजे दोनच शक्यता. तीन अक्षरांच्या २ × २ × २ = ८. म्हणूनच आपल्या छंदःशास्त्रात गण आठ आहेत: य, म, त, र, ज, भ, न, स. नऊ नाहीत, सात नाहीत. आता अशा आठ-आठ शक्यतांचे चार गण ओळीत बसवले तर ८ × ८ × ८ × ८ = ४०९६. अक्षरांच्या हिशेबानं पाहिलं तर बारा वेळा दोन, म्हणजे २ चा १२ वा घात, तोही ४०९६. तीन-तीनचे चार गट, तीन चोक बारा. म्हणून घाताच्या घातात घातांकांचा गुणाकार.

लग्नात मंगलाष्टकं ज्या शार्दूलविक्रीडितात म्हणतात त्यात १९ अक्षरं: सहा गण आणि शेवटी एक गुरू. तिथे दोन्ही नियम एकत्र येतात. सहा त्रिक अठरा, अधिक एक, एकोणीस. एकोणीस अक्षरांच्या ओळीचे ५,२४,२८८ साचे होऊ शकतात. त्यांतला एक आपल्या अक्षता पडेपर्यंत चालतो. वृत्तांच्या शक्यता मोजण्याची रीत पिंगलाच्या प्राचीन छंदःसूत्रांत आहे. निम्मं करत जायचं आणि वर्ग करत यायचं, ही तिची युक्ती. बारासाठी करून पाहा: तिसरा घात ८, त्याचा वर्ग ६४ हा सहावा, त्याचा वर्ग ४०९६ हा बारावा. अकरा वेळा गुणायची गरजच नाही.

या दोन नियमांचा घोटाळा हीच मुलांची सर्वांत मोठी चूक. एक्सचा वर्ग गुणिले एक्सचा घन किती? निम्मी मुलं ‘सहावा घात’ म्हणतात. बरोबर उत्तर पाचवा. आता आपल्या जुन्या बीजगणिताची करामत बघा. तिथे दुसऱ्या घाताला वर्ग, तिसऱ्याला घन, चौथ्याला वर्गवर्ग म्हणत. सहाव्याला म्हणत घनवर्ग, म्हणजे घनाचा वर्ग, तीन दुणे सहा. आणि पाचव्याला म्हणत वर्गघनघात, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, दोन अधिक तीन पाच. नुसता ‘घात’ शब्द जोडला की बेरीज, नाही जोडला की गुणाकार. ज्या घोटाळ्यात मुलं आज अडकतात तो निस्तरण्याची सोय नावातच केलेली होती. ही दोन नावं सांगितल्यावर आमच्या बैठकीतल्या मुलांनी त्यांचं गाणंच केलं. तेव्हापासून ‘सहावा घात’ ऐकू येत नाही.

जिथे नियम चालत नाहीत

जितकं नियम कुठे चालतो हे महत्त्वाचं, तितकंच कुठे चालत नाही हेही. २ चा ३ रा घात अधिक २ चा ४ था घात म्हणजे ७ वा घात नव्हे. ८ आणि १६ मिळून २४ होतात, १२८ नव्हेत. बेरीज आली की हे नियम गप्प बसतात. तसंच कंसाचं. दोन आणि तीनचा गुणाकार करून वर्ग केला तर ३६, आणि ४ गुणिले ९ हेही ३६. गुणाकारावर घात वाटून देता येतो. पण दोन आणि तीनची बेरीज करून वर्ग केला तर २५, आणि ४ अधिक ९ म्हणजे १३. बेरजेवर घात वाटता येत नाही. तिसरी जागा उणे चिन्हाची. उणे ३ कंसात घालून वर्ग केला तर ९. कंस नसेल तर घात फक्त ३ चा, आणि उत्तर उणे ९. मुलांना हे ‘लक्षात ठेव’ म्हणून सांगू नये. लहान आकडे घालून त्यांनाच करू द्यावं. दोन मिनिटं जास्त लागतात, पण विश्वास कायमचा बसतो.

लाख कोटी आणि क्रेडिट कार्ड

मोठ्या माणसांनाही याचा उपयोग आहे. मराठी वर्तमानपत्रात ‘लाख कोटी रुपये’ वाचलं की मुलं विचारतात, म्हणजे किती? लाख म्हणजे १० चा ५ वा घात, कोटी म्हणजे ७ वा. पाच अधिक सात बारा. १० चा १२ वा घात म्हणजेच इथला ट्रिलियन. मिलियन म्हणजे ६ वा घात, आपले दहा लाख. बिलियन म्हणजे ९ वा, आपला अब्ज, शंभर कोटी. शून्यं मोजत बसायला नको.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत अशा अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक मागच्याच्या दहापट. एकं हे पहिलं आणि परार्ध शेवटचं. एकं म्हणजे १० चा शून्यावा घात, त्यामुळे अठरावं परार्ध हा १७ वा घात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. सुट्टीत देशी गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

पैशाच्या व्यवहारात हाच जिना चढतो. क्रेडिट कार्डाचं व्याज दरमहा २ टक्के असेल आणि हजार डॉलर तसेच राहू दिले, तर तीन वर्षांनी १.०२ चा ३६ वा घात, म्हणजे सुमारे २०४० डॉलर देणं होतं. महिना वीस डॉलर धरून ७२० मिळवले तर १७२० येतात. मधला फरक घातांकानं केलेला घात. हाच नियम आपल्या बाजूनंही काम करतो. मुलाच्या जन्माच्या वेळी बाजूला ठेवलेले हजार डॉलर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर तो कॉलेजला निघेपर्यंत, अठरा वर्षांत, सुमारे २८५४ होतात. हायस्कूलला गेलेल्या मुलांना हे जरूर करायला लावावं. पहिलं क्रेडिट कार्ड हातात येण्याआधी आलेलं बरं.

शहाण्णव वेळा निम्मे

शेवटी एक गोष्ट अमरावतीची. जैन आगमांतल्या अनुयोगद्वारसूत्रात माणसांची एक अफाट संख्या दोन तऱ्हांनी सांगितली आहे. एक, दोनाचा सहावा वर्ग गुणिले पाचवा वर्ग. वर्गाचा वर्ग करत गेलं की पाचव्या वेळी २ चा ३२ वा घात येतो, सहाव्या वेळी ६४ वा. दुसरी तऱ्हा, जी संख्या शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती. ६४ अधिक ३२ बरोबर ९६! आकडा २९ अंकी आहे. तो पुरता लिहिण्यापेक्षा किती वेळा निम्मा होतो हे सांगणं सोपं, ही समज त्या लोकांना होती. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत या ‘किती वेळा निम्मे’ला अर्धच्छेद असं नाव आहे, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही आहे. शतकानुशतकं ताडपत्रांवर राहिलेली ही धवला हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली.

हे सांगायचं ते ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ अशी छाती फुगवायला नव्हे. मुलांना त्यातून वेगळंच काही मिळतं. आठवीच्या पुस्तकातला नियम आकाशातून पडलेला नाही. कोणीतरी मोजता मोजता तो शोधला. एकदा माणसानं शोधलेली गोष्ट आपल्यालाही पुन्हा शोधता येते.

म्हणून आमची सर्व पालकांना विनंती आहे. मूल अडलं की लगेच नियम सांगून मोकळे होऊ नका. ‘लांब लिहून दाखव’ एवढंच म्हणा. २ × २ × २ असं सगळं पसरून लिहिलं की पुढचं पेन्सिलच सांगते. ‘इतकं सोपं कसं येत नाही?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यानं एकही नियम कोणाला आलेला नाही. आणि आजी-आजोबा आले असतील तर त्यांना टेबलावर बोलवा. त्यांना ‘एक्स्पोनंट’ माहीत नसेल, पण चवली-पावली पक्की माहीत असते. मूल इंग्रजीत विचारेल, आजोबा मराठीत सांगतील, आणि मधल्या कागदावर दोघांचा हिशेब जुळेल. ज्या मुलाला एक नियम स्वतः सापडला, ते ‘मला गणित येत नाही’ असं सहजासहजी म्हणत नाही.